गावच्या कलावंतांची संध्याकाळ : या चुका टाळा

कविता, गाणं, एकांकिका आणि चित्रं, सगळं गावातल्याच माणसांचं आणि एकाच संध्याकाळी. कल्पना कुणालाही आवडते. सभागृह ठरतं, पत्रिका छापून येते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. आणि कार्यक्रमाच्या दिवशी रात्री आठ वाजता गायिका पडद्यामागे तयार होऊन बसलेली असते, तबलजी घड्याळाकडे बघत असतो, आणि मंचावर अजून सत्कारच चालू असतात.

आमच्या सांगली-मिरजेकडे असल्या संध्याकाळींना तोटा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सांगलीत केलं, त्या आठवणीत ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. मिरजेच्या गल्लीत आजही भोपळ्याचे तंबोरे घडतात, त्यामुळे गाणारी-वाजवणारी मंडळी शोधावी लागत नाहीत. कलावंत चांगले असतात, प्रेक्षकही येतात. तरी कार्यक्रम फसतो, आणि बहुतेक वेळा तो एक कला उठून दुसरी बसेपर्यंतच्या वेळात फसतो. कवीला एक माईक पुरतो. गाण्याला बैठक, सूर जुळवायला वेळ आणि नीट आवाज लागतो. नाटकाला अंधार लागतो. चित्राला उजेड लागतो, आणि बघणाऱ्याला निवांतपणा. या चौघांना एकाच मंचावर एकामागून एक ढकललं की जे व्हायचं तेच होतं.

क्रम लावताना

पहिली चूक कागदावरच होते. क्रम ठरतो तो कोण ज्येष्ठ, कुणाला आधी घेतलं तर कोण रुसेल यावर. मंचावर काय हलवावं लागणार आहे याचा विचार कुणी करत नाही. मग नाटक मध्येच येतं, त्याच्या आधी गाणं, नंतर पुन्हा कविता. म्हणजे गादी काढा, लेव्हल (नाटकाचे लाकडी चौथरे) लावा, लेव्हल काढा, पुन्हा स्टँड लावा.

त्यातून दुसरी चूक निघते: कवींना भरणा म्हणून वापरणं. 'मागे नेपथ्य लागेपर्यंत दोन कविता घेऊ.' दर्शनी पडदा पडलेला, मागे पाट ओढल्याचा आवाज, कुणीतरी 'अरे इकडनं धर' म्हणून ओरडतंय, आणि पुढे एक बाई आईवरची कविता वाचतायत. प्रेक्षकांचं लक्ष पडद्याच्या हलणाऱ्या टोकाकडे. हा त्या कवितेचा अपमान आहे. अशी वेळ द्यायची असेल तर देऊच नये.

मला पटलेला क्रम असा. चित्रप्रदर्शन दालनात, मुख्य कार्यक्रमाच्या तासभर आधीपासून उघडं. मग सभागृहात आधी कविता, दर्शनी पडद्यापुढे, कारण तेव्हा लोक ताजे असतात. पडद्यामागे गाण्याची बैठक दुपारीच घालून ठेवलेली, माईक लावलेले, कुणी काहीही हलवायचं नाही. कविता संपल्या की पडदा उघडतो आणि गाणं सुरू. मग वीस मिनिटांचं मध्यंतर. त्यात बैठक निघते, नाटकाचं नेपथ्य लागतं, आणि लोक पुन्हा चित्रांपाशी जातात. शेवटी एकांकिका. तिच्यानंतर काही नाही.

कवी म्हणतील, सुरुवातीला लोक उशिरा येतात, मग आम्हाला ऐकायला कोण? रास्त तक्रार आहे. म्हणूनच पत्रिकेवर प्रदर्शनाची वेळ मोठ्या अक्षरात छापायची. साडेपाचला प्रदर्शन आणि साडेसहाला कविता असेल, तर उशिरा येणारा माणूस सहाला पोचतो. तो चित्रांना चुकतो, कवितेला नाही. चित्रं त्याला मध्यंतरात भेटतातच.

साउंड चेकही उलट्या क्रमाने करा. नाटकवाल्यांचं आधी, मग गाणं, कवी सर्वांत शेवटी. म्हणजे मंच ज्या अवस्थेत राहतो त्याच अवस्थेत कार्यक्रम सुरू होतो. डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येकाचं सेटिंग साठवून ठेवता येतं. साधा असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

वेळेचं गणित कुणीतरी करा

आठ कवी, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटं. हे कागदावर. प्रत्यक्षात कवी चौथ्या रांगेतून उठतो, चष्मा शोधतो, माईक खाली करतो, ही कविता कशी सुचली ते सांगतो, दोन कविता वाचतो, आणि 'जाता जाता एक छोटीशी' म्हणून तिसरी काढतो. नऊ मिनिटं सहज जातात. आठ नव्वे बहात्तर. वरची बत्तीस मिनिटं गाण्याच्या वाट्यातून जातात.

उपाय भांडणाचा नाही. दोन कविता आधी मागवून घ्या, त्यांची छापील प्रत सूत्रसंचालकाकडे ठेवा. पुढचे दोन कवी विंगेतल्या खुर्चीवर येऊन बसलेले असू द्या. कविता कशी सुचली ते एका ओळीत सूत्रसंचालकच सांगेल. सूत्रसंचालकाला मात्र बजावून ठेवा की प्रत्येक कवितेनंतर त्याने स्वतःची चारोळी म्हणायची नाही. हा रोग फार पसरलाय.

दीपप्रज्वलन मंचावर नको. पंखे बंद करा, समई विझली, काडी कुठाय, वात पुढे करा, फोटोसाठी सगळे इकडे बघा. यात पंधरा मिनिटं जातात. वर बैठकीच्या चादरीवर तेल सांडतं. समई दालनात, प्रदर्शनाच्या दाराशी लावा. तिथेच पाहुण्यांचे दोन शब्द होऊ देत. चित्रकारांनाही बरं वाटतं की उद्घाटन त्यांच्यापाशी झालं.

खुल्या मैदानात कार्यक्रम असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरलंय. काही ठरावीक सणा-उत्सवांच्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. तुमची तारीख त्यात असेलच असं धरून चालू नका. बंदिस्त सभागृहाला हा नियम तसाच लागत नाही, पण तिथे सत्र संपलं की कर्मचारी दिवे बंद करायला लागतात. आणि त्यात त्यांची चूक नसते.

आवाज : तक्रारी आणि त्यांची कारणं

निम्मे कार्यक्रम इथेच आडवे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

*कवीचा शब्द कळत नाही, नुसते फटकारे येतात.* आपल्या भाषेत फ, भ, ख, थ अशी हवेची अक्षरं भरपूर. ओठ माईकला चिकटवून 'फुलांच्या भाराने' म्हटलं की स्पीकरमधून दोन धक्के येतात. माईक तोंडाच्या थेट समोर नको, किंचित बाजूला तिरपा, वीतभर अंतरावर. कवीने डोकं खाली घालून वाचलं की आवाज छातीत जातो, म्हणून कागदाचा स्टँड डोळ्यांच्या उंचीकडे आणा. आणि मोबाइलवरून वाचणाऱ्यांनी तो आधी फ्लाइट मोडवर टाकावा. स्क्रीन मिनिटभरात विझणार नाही असं सेटिंगही करून ठेवावं. ऐन शेवटच्या कडव्याला अंगठा लावून कुलूप उघडणारे कवी खूप पाहिलेत.

*शिट्टी वाजते.* स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतोय. पहिली प्रतिक्रिया म्हणून सगळ्यांचाच आवाज कमी करू नका. कुठला माईक ओरडतोय ते शोधा. मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर, माईकच्या तोंडापुढे ठेवलाय का बघा, तो माईकच्या पाठीकडे हवा. कुणी माईकची जाळी मुठीत धरली असेल तर सोडायला सांगा, त्याने शिट्टी वाढतेच. वापरात नसलेले माईक बंद ठेवा. एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं.

*गाण्याच्या मागे सतत घुंऽऽ असा आवाज.* साउंड आणि लाइटचे डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे) एकाच लाइनवर घेतलेले असतात. दोघांना वेगळ्या फेजवर घ्या. माईकच्या आणि विजेच्या वायरी एकाच बंडलात बांधू नका, एकमेकींवरून जायच्याच असतील तर काटकोनात जाऊ द्या. घुं जातो म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग भेटतील. त्यांना अडवा. मंचावर माईक हातात धरून उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे तो.

*माईक लावलाय पण आवाजच नाही.* कंडेन्सर जातीचा माईक असेल तर त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या वायरीतूनच जाणारी वीज लागते, ते बटण दाबलेलं नसतं. आवाज बंद ठेवून मगच दाबा, नाहीतर सभागृहात फटाका फुटल्यासारखं होतं.

*ग्रीन रूममध्ये जुळलेलं सगळं मंचावर बेसूर.* ही तक्रार सर्वांत नेमाने येते आणि दोष वाजवणाऱ्यावर टाकला जातो. दिव्यांच्या उष्णतेने कातडं सुकतं आणि ताणतं, म्हणून तबला चढतो. त्याच उष्णतेने तारा सैल पडतात, म्हणून तंबोरा उतरतो. एक वर, एक खाली. पेटी मात्र जिथे होती तिथेच, आणि गाणारीने जायचं कुठे? पावसाळी दमट हवेत उलट, तबलाच ढिला पडतो. वाद्यं अर्धा तास आधी मंचावर, दिवे चालू करून ठेवा आणि तिथेच जुळवा. कविता चालू असताना पडद्यामागे तबला जुळवायची हातोडी वापरता येणार नाही, हे धरून ते काम आधीच उरकलेलं हवं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट म्हणजे पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला 'सा' धरून गाणार ते, विचारून घ्या. पुरुष गायक साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. एकच तबला दोन्हीकडे ओढून बसवता येत नाही. तबलजींना आदल्या आठवड्यात फोन केला तर ते दोन तबले घेऊन येतात. कार्यक्रमाच्या दिवशी कळलं तर कुणीतरी परक्या पट्टीत गातं, आणि लोक म्हणतात, आज आवाज लागला नाही.

नाटकवाल्यांचं वेगळं दुखणं

एकांकिका तीस मिनिटांची आहे असं दिग्दर्शक सांगतो तेव्हा तो पडदा उघडण्यापासून पडण्यापर्यंतचं सांगतो. नेपथ्य लावणं, दिवे फोकस करणं, तिसरी घंटा, हे तुमच्या हिशेबात धरा. बाहेरच्या रंगीत लायटिंगवाल्याला नाटकाचे दिवे देऊ नका. त्याच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत नटाचा चेहरा दिसत नाही.

पार्श्वसंगीत मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवणं ही आता सर्रास होणारी चूक. ब्लूटूथचा आवाज किंचित मागून येतो, त्यामुळे थप्पड आधी बसते आणि आवाज नंतर येतो. शिवाय ऐन मरणाच्या प्रसंगात फोन येतो आणि रिंगटोन सभागृहभर घुमते. लॅपटॉप, वायर, इंटरनेट बंद, नोटिफिकेशन बंद. फाइल्सना क्रमांक द्या: ०१, ०२. 'फायनल नवीन खरी' असलं नाव देऊ नका.

महाराष्ट्रात तिकीट लावून किंवा सार्वजनिकरीत्या नाटक करायचं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नाट्यगृह ते मागतं, आणि आदल्या दिवशी मिळत नाही. महिनाभर आधी पाठवा.

लेखकाची परवानगी हा दुसरा राहून जाणारा विषय. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. नाटककार राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांची नाटकं मोकळी आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या लेखनाचे हक्क २०५९ अखेरपर्यंत चालू राहणार. 'आपण काय धंदा करतोय का' हे उत्तर तिकीट लावल्यावर टिकत नाही. भावगीतं गाणार असाल तर गीत-संगीताच्या सादरीकरणाचा परवाना आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था देते, तेही विचारून घ्या. स्थानिक कवींच्या नव्या रचना नव्या चालीत बसवल्या तर हा प्रश्नच राहत नाही. ते ऐकायलाही जास्त मजा येते, हे माझं मत.

चित्रकार कोपऱ्यात

चौघांत सर्वांत दुर्लक्षित हाच. 'दालनात लावा की कुठेतरी' म्हणतात, आणि चहाचं टेबल त्याच भिंतीला लागतं. जलरंगावर चहाचा एक शिंतोडा पुरतो. चहा दालनाच्या दुसऱ्या टोकाला न्या.

भिंतीला खिळे किंवा दुहेरी टेप लावली तर रंगाचे पापुद्रे निघतात आणि अनामत रक्कम बुडते. मंडपवाल्याकडे पॅनेल भाड्याने मिळतात, ती घ्या. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीडशे सेंटिमीटरवर, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या नजरेसमोर. बारक्या-मोठ्या सगळ्या चित्रांचा मध्य एका रेषेत आला की प्रदर्शन आपोआप नीट दिसतं. उजेड पांढरा आणि रंग खरे दाखवणारा हवा. एलईडी घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) नव्वदच्या वर आहे का ते विचारा. काचेच्या फ्रेमवर दिवा समोरून मारला तर बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं, वरून तिरपा मारा. तैलचित्र हाताला वाळलेलं वाटलं तरी आत ओलं असू शकतं, ते रेटून पॅक करू नका.

रांगोळी काढणाऱ्या मुलींचे हाल तर विचारू नका. पाच तास बसून व्यक्तिचित्र काढायचं आणि कुणीतरी येऊन पंखा लावायचा. जागा ठरवतानाच पंख्याचं बटण कुठलं ते बघा, त्यावर चिकटपट्टी मारा. दारातून आत येणाऱ्यांची वाट रांगोळीवरून जात नाही ना तेही. दोरी बांधा; नुसता 'पाय देऊ नये' फलक कुणी वाचत नाही.

गायकाच्या मागच्या एलईडी भिंतीवर चित्रांचे फोटो फिरवण्याची नवी टूम निघालीय. माणसं गाणंही नीट ऐकत नाहीत, चित्रही नीट बघत नाहीत. प्रात्यक्षिक करायचंच असेल तर चित्रकाराला मंचाच्या कडेला तिरपा बसवा, त्याची पाठ लोकांकडे येऊ देऊ नका, आणि टर्पेंटाइन गाणाऱ्यांपासून लांब.

चित्राशेजारी नाव, माध्यम, आणि विकायचं असेल तर किंमत लिहा. किंमत विचारायला आपला माणूस लाजतो आणि निघून जातो.

दारं आणि वायरी

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी उभारलं, १९१५ सालचं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. त्यानंतर आमच्या भागात काही दिवस सगळे वायरी बघत होते, मग पुन्हा जैसे थे. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, त्यावर चहाची इलेक्ट्रिक किटली. फुकटे घुसतात म्हणून बाजूच्या दाराला कुलूप. हे कुलूप कार्यक्रम सुरू होण्याआधी स्वतः जाऊन काढा, आणि दारापाशी एक माणूस उभा करा. पडद्याजवळ खरी ज्योत नको, नाटकात कंदील असेल तर आत बॅटरीचा दिवा घाला. अग्निशामक सिलिंडरवरची तारीख वाचा.

मानधनाचं काय?

साउंडवाल्याला पैसे, मंडपवाल्याला पैसे, केटररला आगाऊ पैसे. कलावंत गावातलाच, म्हणून त्याला नारळ. वर 'तुम्हाला व्यासपीठ मिळतंय' हे ऐकवलं जातं. तबलजी दोन तबले, डग्गा घेऊन रिक्षाने येतो, रिक्षा त्याच्या खिशातून. बजेट लहान असेल तर पाहुण्यांच्या शाली कमी करा आणि प्रत्येकाला प्रवासखर्च तरी द्या, पाकिटात, त्याच दिवशी. आकडा आधी सांगा, लहान असला तरी. पत्रिकेवर 'आणि इतर' छापू नका. साथीदारांची नावं पूर्ण लिहा आणि छापायला देण्याआधी ज्याचं त्याला दाखवा. आडनावाची वेलांटी चुकली तर माणूस वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

उशीर झालाच तर

होणारच. तेव्हा काय कापायचं हे आदल्या दिवशीच ठरवून एका माणसाकडे अधिकार द्या, पाच जणांच्या समितीकडे नको. आधी भाषणं कापा. मग उरलेले सत्कार मध्यंतरात दालनात उरका. तरी वेळ पुरत नसेल तर उरलेल्या कवींची दुसरी कविता, पण सगळ्यांचीच. एकट्याची कापली तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. गाण्यातलं एखादं पद गायिकेला विचारून काढता येतं, तिलाच ठरवू द्या. मध्यंतर कमी करू नका, त्यात नेपथ्य लागतं. एकांकिका मधून कापता येत नाही. ती पूर्ण करा, नाहीतर आधीच सांगून रद्द करा.

आभारप्रदर्शन नाटकानंतर ठेवलंत तर नट रंग पुसायला गेलेले असतात, आणि उरलेले लोक चप्पल शोधत असतात. आभाराची यादी छापून दालनात, बाहेर पडायच्या दाराशी लावा. लोक आपलं नाव तिथे थांबून वाचतात, फोटोही काढतात.